दहा वजा

खांबेटे सरांना मी पाहिलं त्यापेक्षा ऐकलं जास्त. आमच्या मुलींच्या शाळेत नववी अ आणि नववी ब यांच्यामध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. पलीकडे ते गणित शिकवायचे, अलीकडे मी मराठी. माझ्या मुलींना कविता जितकी ऐकू जायची तितकंच पलीकडचं प्रमेयही. वर्षानुवर्षं ऐकून मलासुद्धा काही प्रमेयं पाठ झाली, कळलं मात्र एकही नाही. माझ्या कवितांचं त्यांच्या बाजूला काय होत होतं ते एकदाच समजलं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता ते म्हणाले, "बाई, तुमचा कवी एकच गोष्ट चार वेळा सांगतो. एकदा सांगून मुलींना कळत नाही असं वाटतं का त्याला?"

शाळा सदाशिव पेठेत आणि सरांचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून. घरात ते आणि त्यांची विधवा थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणायचे. सरांनी लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं विचारायच्या फंदात कोणी पडत नसे, कारण उत्तर मिळालं असतं. उंच, मानेत किंचित वाकलेले, भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. खडू घरून आणायचे, शाळेचा मध्येच मोडतो म्हणून. आणि मुलगी पाचवीतली असो की दहावीतली, तिला आडनावानं हाक आणि तुम्ही-आपण. दोन वेण्या घातलेली एवढीशी पोर खाली मान घालून उभी असायची आणि हे अगदी सभ्यपणे विचारायचे, "कुलकर्णी, आपण पाढे घरीच ठेवून आलात का?"

त्यांच्या तोंडून ‘बरोबर’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. उत्तर चुकलं की ते दहा वाक्यं बोलायचे, बरोबर आलं की एकच शब्द, "पुढे." नव्या मुलींना आधी कळायचंच नाही की आपलं बरोबर आलंय. दिवाळीपर्यंत त्यांचे कान तयार व्हायचे, आणि मग त्या ‘पुढे’साठी मुली जीव टाकायच्या. घरी गेल्यावर आईला सांगायच्या, आज सर मला दोनदा पुढे म्हणाले. मी एकदा त्यांना विचारलं, एक शब्द कौतुकाचा बोललात तर काय बिघडेल? त्यावर ते म्हणाले की बरोबर येणं हा गणिताचा धर्म आहे, त्यात मुलीचं काय कौतुक करायचं. हे इतकं गंभीरपणे म्हणाले की मला हसताही येईना.

त्यांच्या वर्गात खोडरबराला बंदी होती. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला नवीन लिहायचं. जिथं चूक तिथंच दुरुस्ती, आणि ज्याची चूक त्यानेच ती करायची. शेजारणीने मारलेली रेघ त्यांना वळणावरून ओळखू यायची.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती खळीच्या तासाची. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाला प्रत्येकीने पुस्तक आणि घरून वाटीभर खळ आणायची. पुस्तकाच्या शेवटी उत्तरांची पानं असतात, ती सगळ्यांनी एकमेकांना चिकटवून टाकायची. वर्गभर त्या खळीचा वास आणि बोटांचं चिकचिक. पालकांच्या तक्रारी यायच्या, कारण पुढल्या वर्षी पुस्तक निम्म्या किमतीत विकायचं असायचं आणि चिकटवलेलं पुस्तक घेणार कोण. काही हुशार मुली भाताच्या कुकरच्या वाफेवर पानं सोडवायच्या. सर पुस्तक हातात घेऊन पान नुसतं उजेडात धरायचे आणि विचारायचे, "काय जोशी, काल घरी भात का?"

या सगळ्याच्या मागे त्यांचा एकच राग होता. न येण्याचा त्यांना राग नव्हता, विसरण्याचा थोडा होता. राग होता तो जुळवण्याचा. शेवटचं उत्तर पाहायचं आणि मधल्या पायऱ्या त्याच्यापर्यंत कशाबशा ओढत न्यायच्या, याला ते जुळवणं म्हणायचे आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा पोळीत खडा लागल्यासारखा व्हायचा. एक पालक दोन मार्क वाढवून मागायला आले होते. सर म्हणाले, वाढवतो की, कोणाचे कमी करू ते सांगा. आणि मोजमापाचा धडा आला की पार्टिशनपलीकडून दर वर्षी तेच वाक्य यायचं: "खरं माप कधी गोल येत नाही. गोल आलं तर समजा, कोणीतरी चेपलंय."

आता टेपविषयी सांगायला हवं. गणिताच्या कपाटात चामडी डबीतला एक कापडी टेप होता, वीस मीटरचा. कोणे एके काळी त्याचं डोकं तुटलं होतं, म्हणजे पहिले दहा सेंटिमीटर गेले होते. तो टेप दहापासून सुरू व्हायचा. दुसरी शाळा असती तर नवा टेप आणला असता. आमच्या मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, दहाच गेलेत ना, बाकी सगळा आहे की. तेव्हापासून शाळेत रीतच पडली: तुटकं टोक धरायचं, आकडा वाचायचा आणि दहा वजा करायचे. मैदान आखताना पीटीच्या बाई वजा करायच्या, पडद्याचं कापड आणताना हस्तकलेच्या बाई वजा करायच्या. बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटायचा, आम्हाला त्यात काही वावगं दिसत नसे.

मुली मात्र हटकून विसरायच्या. मोजमापाचा तास झाला की सर वह्या गोळा करायचे आणि एकेकीच्या आकड्यातून दहा वजा करत बसायचे. इतक्या वर्षांत त्यांचा हात त्या वजाबाकीला बसला होता.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी पाऊस लांबला होता, खडकवासल्यात पाणी कमी होतं आणि पेठांना एकच वेळ पाणी यायचं. शहरातल्या शाळांचं गणिताचं प्रदर्शन होणार होतं. सरांनी नववी अ मधल्या तीन मुली निवडल्या आणि त्यांची म्होरकी होती संगीता ढमाले. तिच्या वडिलांची रविवार पेठेत पिठाची गिरणी होती. मूळचे मुळशीकडचे लोक. मुलगी काळीसावळी, हडकुळी, शाळेत प्रमाण भाषा बोलायची आणि चिडली की गिरणीतली. तिला सरांचं ‘पुढे’ इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळा मिळालं होतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

प्रकल्पाची कल्पना तिचीच. शाळेच्या गच्चीवरची टाकी किती पाण्याची आहे, शाळेला दिवसाला किती लागतं, आणि पाणी आलंच नाही तर शाळा किती दिवस चालेल. सरांना ती आवडली असावी, कारण ते म्हणाले, "पुढे."

आखणीला सरांनी भरपूर दिवस दिले. इतर शाळा थर्माकोलचे पिरॅमिड आणि जिलेटिनचे दिवे करत होत्या. सरांनी सांगून टाकलं, चमकी लावायची असेल तर गॅदरिंगला लावा. आधी प्रश्न एका वाक्यात लिहायचा, मग काय मोजायचं ते, मग कशाने मोजायचं ते, आणि प्रत्येक गोष्ट शक्यतो दोन वेगळ्या वाटांनी काढायची. सांगायची तालीम माझ्यासमोर व्हायची. "ह्या बाईंना समजलं की जगाला समजलं," असं सरांनी मुलींना माझ्यादेखत सांगितलं. मी वाईट वाटून घेतलं नाही, कारण निवड योग्य होती.

पहिल्या तालमीत संगीता इतकं छान बोलली की मला खरंच समजलं. टाकीची लांबी-रुंदी-उंची टेपने घेतली: तीन मीटर, दोन मीटर, दीड मीटर. म्हणजे नऊ हजार लिटर. दुसरी वाट अशी की नळाखाली बादली किती वेळात भरते ते पाहिलं आणि रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. त्यावरून आलं नऊ हजाराला थोडंसंच कमी. "म्हणजे आम्ही चुकलो नाही आहोत, बाई," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिचे डोळे चमकले. तिला हे दोन आकडे भेटल्याचा आनंद झाला होता. मलाही झाला, उगीचच.

दुसऱ्या दिवशी तिने तेच सरांना वर्गात दाखवलं. मी पार्टिशनच्या अलीकडे शुद्धलेखन तपासत होते.

पलीकडून सरांचा आवाज: ही मापं अशी गोल कशी? दहा वजा करायचे राहिलेत. तिने सांगितलं की नाही सर, वजा केलेत, वाचता वाचताच केले. सरांनी विचारलं, मग मूळ आकडे कुठे आहेत? ते तिने लिहिले नव्हते. मनात वजा करून थेट उत्तर मांडलं होतं. आणि मग सरांना ती दुसरी वाट दिसली, जी नऊ हजाराला जवळजवळ जाऊन भेटत होती. चुकीच्या मापाला जुळणारी दुसरी वाट. त्यांच्या हिशोबाने त्याचा अर्थ एकच होत होता.

"ढमाले," ते म्हणाले, आणि माझ्या वर्गातल्या मुलींनीही माना वर केल्या. "गणित न येणं हा गुन्हा नाही. जुळवणं हा गुन्हा आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"सर, देवाशपथ, म्या..." एवढंच मला ऐकू आलं. मग बाक वाजला आणि ती बसली. सरांनी तिन्ही मापांवर एकेक आडवी रेघ मारून बाजूला नवीन मापं लिहिली, प्रत्येकातून दहा वजा करून. टाकी सात हजार सातशे चौदा लिटरची झाली. बादलीची वाट तक्त्यावरून काढून टाकायला सांगितली. पुढच्या तालमीला ती माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा सगळं अस्खलित बोलली, पण पाहत होती माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे.

प्रदर्शन कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून मी गेले. आमचं टेबल साधं, एक तक्ता, टाकीचं पुठ्ठ्याचं मॉडेल आणि तो डोकं तुटलेला टेप. शेजारी कुणाचा तरी लुकलुकणारा पायथागोरस होता. सर मुलींच्या मागे दोन पावलांवर, हात पाठीशी बांधून उभे. निकालाची त्यांना फिकीर नव्हती असं म्हणता येणार नाही. सकाळपासून त्यांनी शर्टाची बाही चार वेळा तरी सारखी केली होती.

परीक्षक धरणाच्या कामांवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक म्हातारे इंजिनिअर होते. त्यांनी संगीताचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टेप उचलला, बोटांनी टोक चाचपलं आणि विचारलं की याचं डोकं कुठे गेलं. तिने शाळेची रीत सांगितली. त्यांना गंमत वाटली. ते पुन्हा तक्त्याकडे पाहू लागले.

"बाळ, मी जन्मभर टाक्या बांधल्या," ते म्हणाले. "गवंड्याला कोणी दोन पूर्णांक नऊ बाय एक पूर्णांक नऊ सांगत नाही. सांगितलं तर तो थापी टाकून जाईल. टाकी तीन बाय दोनचीच असणार. हे दहा किती वेळा वजा केलेत?"

संगीताने मान वळवून मागे पाहिलं. क्षणभरच. मी तिथेच होते आणि मला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. त्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. सर काही बोलतात का, एवढंच ती पाहत होती.

सर बोलले नाहीत.

"दोनदा झाले, सर," ती परीक्षकांना म्हणाली. "आमच्याकडून."

म्हातारबांनी मान डोलावली. मोजायला चांगलं शिकलात, आता मधली मापंही लिहून ठेवत जा म्हणजे अशी फसगत होणार नाही, असं समजुतीच्या स्वरात सांगितलं, कागदावर काहीतरी टिपलं आणि ते पायथागोरसकडे वळले. तिथे ते बराच वेळ थांबले. चार पावलांचं अंतर होतं. सर जाऊन एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. त्यांनी बाही सारखी केली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. दुसऱ्याच्या शरमेने आपली मान खाली जाते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमची निवड झाली नाही.

परतताना बसमध्ये मुली पुढे बसल्या, आम्ही दोघं मागे. डेक्कन आलं. मग सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तिने वजा केलेले होते, बाई. मी पुन्हा केले. आणि वर तिला म्हणालो, जुळवलंत."

मी म्हटलं, मग आता सांगा, ती काय समोरच बसलीय.

"इथे नाही. वर्गात बोललो, वर्गातच दुरुस्त करीन." मग म्हणाले, "तुम्ही सांगायचं नाही. माझ्या चुकीवर दुसऱ्याची रेघ नको." मी कबूल केलं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे असं मला वाटलं.

सोमवारी पार्टिशनपलीकडे तास सुरू झाला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. खडूचाही आवाज नाही. माझ्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकदाच आलं, "ढमाले." बाक वाजला, ती उभी राहिली असावी. मी हातातलं पुस्तक मिटून थांबले.

"काही नाही. बसा."

त्यानंतर रोज मी वाट पाहायची आणि रोज पलीकडे नेहमीचं गणित चालायचं. शरमेने माणूस नम्र होतो म्हणतात. खांबेटे सर नम्र झाले नाहीत, आखडले. स्टाफरूममध्ये त्यांच्या कोपरखळ्या थांबल्या. कुणी वही दाखवायला आलं की ते तिच्याकडे न पाहता वहीकडेच पाहायचे. आणि संगीताला ते प्रश्नच विचारीनात. तिचा हात वर असायचा आणि ते शेजारणीला उठवायचे. त्यांना तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, हे मला कळत होतं. तिला काय कळत होतं कोण जाणे. एकदा मी न राहवून म्हटलं, सर, फार झालं, आता बोला. ते म्हणाले, "रोज ठरवतो. वर्गात पाऊल टाकलं की चाळीस तोंडं दिसतात." ज्या माणसाने हजारो मुलींना चूक उघडी ठेवायला लावली, त्याला स्वतःची एक चूक उघडी करवत नव्हती. हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त समजत होतं, हेच त्यातलं वाईट.

कपाटात नवा टेप आला. कोणी आणला ते सगळ्यांना कळलं, का ते कोणालाच नाही. गंमत अशी की पुढे वर्षभर अर्धी शाळा त्या अखंड टेपमधूनही दहा वजा करत राहिली आणि हस्तकलेच्या बाईंनी सभागृहाचे पडदे आखूड शिवून घेतले. पुढच्या जूनमध्ये खळीचा तास झाला नाही. मुली खूश झाल्या, पालकही. उत्तरांची पानं मोकळी राहिली.

आणि सर दळण टाकायला रविवार पेठेत जाऊ लागले.

हे मला अक्कांनी सांगितलं, तुळशीबागेत भेटल्या तेव्हा. त्या भयंकर वैतागलेल्या होत्या. घराच्या दारात गिरणी आहे, म्हणाल्या, आणि हा बाबा लक्ष्मी रस्ता ओलांडून जातो. तेही एकदम दळण नेईल तर शपथ. डब्यात एवढेसे गहू घ्यायचे आणि निघायचं. "बरं, पीठ जाडं येतं हो. सांगितलं तर म्हणतो, पोळी चावून खावी."

मी एकदा मुद्दाम त्या बाजूला गेले. गिरणीच्या पट्ट्याचा आवाज, सगळीकडे पांढरं, आणि आत पोत्यावर बसून संगीता अभ्यास करत होती. सर बाहेर डबा धरून उभे. बोलायचं तर त्या आवाजात ओरडून बोलावं लागलं असतं. तिचे वडील भला माणूस, त्यांनी पट्टा बंद केला आणि विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं गिरणी न्हाई का? एवढं लांब कशापायी येता?" एकदम झालेल्या त्या शांततेत संगीताने वर पाहिलं आणि ती उभी राहिली. हीच वेळ, असं मी रस्त्यापलीकडून मनात म्हटलं.

"बारीक दळा," सर म्हणाले.

ती दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. पुढे शिकायला दुसरीकडे गेली. सर तरीही कित्येक महिने तिथेच दळण टाकत होते, ती गिरणीत नसतानाही. मग ती जागा बिल्डरने घेतली आणि गिरणी गेली. सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात मुख्याध्यापकबाई म्हणाल्या की सरांनी तीन पिढ्यांना प्रामाणिकपणा शिकवला. टाळ्या पडल्या. सरांनी नारळ घेतला, शाल घेतली आणि दोन शब्द बोलायला उभे न राहताच खाली बसले. सगळ्यांना तो त्यांचा साधेपणा वाटला.

पुष्कळ वर्षं गेली. मीही निवृत्त झाले. एका सकाळी भाजी घेऊन येत होते तर कोपऱ्यावर हिंजवडीच्या कंपनी बसची वाट पाहणाऱ्यांच्या घोळक्यातून कोणीतरी माझ्या पाया पडलं. गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांना चष्मा. तरी मी ओळखलं. संगीता आता त्या कंपनीत बऱ्याच वरच्या जागेवर होती आणि पेठेतच राहायला आली होती.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिने विचारलं, "बाई, खांबेटे सर माझ्यावर अजून रागावलेत का हो?"

मी विचारलं, असं का म्हणतेस?

"मला रस्त्यात दिसतात कधीकधी. मी दिसले की पलीकडच्या फूटपाथवर जातात. काठी टेकत, गाड्यांमधून. मला भीती वाटते, कुठे पडतील." ती हसायचा प्रयत्न करत होती. "त्या प्रदर्शनात मी म्हणाले ना, आमच्याकडून दोनदा झाले. ते मी त्यांच्यासाठी म्हणाले, बाई. त्यांना लोकांसमोर कमीपणा नको म्हणून. नंतर लक्षात आलं, त्यांना वाटलं असणार, पोरीने शेवटी कबूल केलं. गिरणीवर यायचे ते तेवढ्यासाठीच. मी कशी वागते ते बघायला. अजूनही एखादा हिशोब एकदम जुळला ना, की मला धस्स होतं. सरांना वाटतंय मी जुळवलं."

भर रस्त्यात, हातात मेथीची जुडी घेऊन मी उभी होते. वीस वर्षं एक माणूस शरमेने तोंड लपवत होता आणि जिच्यापासून लपवत होता ती ते रागाचं तोंड समजून स्वतः शरमत होती. सगळं सांगून टाकावं असं अगदी जिभेवर आलं. पण त्यांच्या चुकीवर माझी रेघ नको होती. मी एवढंच म्हटलं, "रविवारी ये. आपण दोघी जाऊ त्यांच्याकडे." तिची बस आली.

रविवारी दार अक्कांनी उघडलं. नव्वदीच्या घरातल्या, पण कान शाबूत. मी ओळख करून दिली. "ढमाल्यांची का?" त्या म्हणाल्या. "बाई गं, तुमच्या गिरणीचं पीठ फार जाडं यायचं."

सर आत गॅलरीतल्या खुर्चीवर होते. बाह्या मनगटापर्यंत. खाली जायला दुसरा जिना नव्हता. तिला पाहून ते खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले, सावकाश, आणि उभेच राहिले, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखे. ती वाकून नमस्कार करायला लागली तर ते मागे सरकले, गॅलरीच्या कठड्यापर्यंत. पाया पडू देईनात.

मी बाहेरच्या खोलीत थांबायला हवं होतं. पाय निघाला नाही.

खालून एक स्कूटर गेली. सरांची मान खाली होती आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हाताची बाही सारखी करत होती, जी सारखीच होती.

"ढमाले," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण तोच. "तुमचं टाकीचं उत्तर किती आलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"नऊ हजार लिटर, सर."

"बरोबर."

ती तशीच उभी राहिली, दोन्ही हात समोर धरून, ‘पुढे’ या शब्दाची वाट पाहत. सर तो म्हणाले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरोबर होतं. मी दोनदा वजा केले. मला त्याच दिवशी कळलं होतं."